मेनूवरून उतरलेले पदार्थ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आमचे अण्णा माळकरी. फलटणच्या शाळेत मास्तर होते आणि निवृत्तीनंतर वारी चुकवायचे नाहीत. १९८८ साली मी अमेरिकेत सिनसिनाटी शहरात नोकरी करत होतो, तेव्हा त्या वर्षीची आषाढी करूनच ते माझ्याकडे आले. सोबत आईने दिलेल्या दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. दीड महिना ते राहिले आणि त्या दीड महिन्यात त्यांनी बाहेरचं असं एकदाच खाल्लं. नायगारा पाहायला निघालो होतो. वाटेत एकादशी आली. राजगिऱ्याचे लाडू संपलेले, केळी काळी पडलेली. महामार्गावरच्या एका खाद्यगृहात मी त्यांच्यासाठी तळलेल्या बटाट्याच्या कांड्या, म्हणजे फ्रेंच फ्राइज घेतल्या आणि संत्र्याचा रस घेतला. दुकानाचं नाव सांगण्याचं कारण नाही. बटाटा, मीठ आणि तेल. यात विचारायचं काय, असं मला वाटलं. अण्णांनी पहिली कांडी तोंडात घातली आणि म्हणाले, "अरे, हे तर उपासालाही चालेल!" पुडकं संपल्यावर त्यांनी तळाशी राहिलेले कुरकुरीत तुकडेही वेचून खाल्ले.

फलटणला परतल्यावर अमेरिकेतलं काय आवडलं, असं कुणी विचारलं की अण्णा दोन गोष्टी सांगत. एक नायगारा आणि दुसरे ते बटाटे.

आज मला त्या बटाट्यांविषयीच बोलायचं आहे. अण्णांनी खाल्लेली ती चव १९९० नंतर अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांतून नाहीशी झाली. का नाहीशी झाली, हे सांगायचं तर आधी या झटपट खाण्याच्या धंद्यात पदार्थ येतात कसे आणि जातात कसे, ते थोडं पाहावं लागेल.

आपल्याकडे एखादा पदार्थ नाहीसा होतो तो हळूहळू. कोपऱ्यावरच्या हॉटेलातले आचारी म्हातारे होतात, मुलाला धंद्यात रस नसतो, आणि एक दिवस लक्षात येतं की ती मिसळ आता मिळत नाही. हळहळते ती एक गल्ली, फार तर एक पेठ. अमेरिकेतल्या साखळी दुकानांचं तसं नाही. तिथे मुख्य कचेरीत एक ठराव होतो आणि पाहता पाहता हजारो गावांतल्या हजारो फलकांवरून एक ओळ पुसली जाते. आचारी तोच, कढई तीच, गिऱ्हाईक तेच. पदार्थ मात्र गेला.

गंमत अशी की या सगळ्या धंद्याचा जन्मच मुळी पदार्थ काढून टाकण्यातून झाला. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड हे दोघे भाऊ. १९४० साली त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावी एक खाद्यगृह उघडलं. तिथे निखाऱ्यावर भाजलेलं मांस मिळे, मोटारीपाशी येऊन मुली ताटं देत, आणि मेनूवर पंचवीसेक पदार्थ असत. धंदा उत्तम चालला होता. पण भावांच्या लक्षात आलं, की विक्रीतला मोठा वाटा एकट्या हॅम्बर्गरचा आहे. १९४८ साली त्यांनी चालतं दुकान काही महिने बंद ठेवलं आणि पुन्हा उघडलं तेव्हा मेनूवर फक्त नऊ पदार्थ होते. ताटं गेली, काटे-चमचे गेले, ज्या भाजलेल्या मांसावर दुकान उभं राहिलं होतं तेही गेलं. हॅम्बर्गरची किंमत पंधरा सेंट. सुरुवातीच्या त्या नऊ पदार्थांत फ्रेंच फ्राइज नव्हत्या. बटाट्याचे वेफर्स होते. वर्षभरातच वेफर्स काढून तिथे तळलेल्या कांड्या आल्या. म्हणजे ज्या बटाट्यासाठी ही कंपनी पुढे जगभर ओळखली गेली, तो एका बंद केलेल्या पदार्थाच्या जागी आलेला आहे.

दुसरी गोष्ट मी राहत होतो त्या सिनसिनाटीचीच. लू ग्रोएन नावाच्या गृहस्थांनी तिथे मॅकडोनाल्ड्‌सचं दुकान घेतलं होतं. आसपासची वस्ती बहुतांशी कॅथलिक. त्या काळी कॅथलिक मंडळी शुक्रवारी मांस खात नसत. श्रावणात आपल्याकडे मटणाच्या दुकानात जसा शुकशुकाट असतो, तसा ग्रोएन यांच्याकडे दर शुक्रवारी असे. त्यांनी माशाचं सँडविच तयार केलं आणि कंपनीचे सर्वेसर्वा रे क्रॉक यांच्याकडे नेलं. क्रॉक यांना दुकानात माशाचा वास नको होता. शिवाय त्यांच्या डोक्यात स्वतःचा एक पदार्थ होता: पावात मांसाऐवजी भाजलेल्या अननसाची चकती आणि चीज. त्याचं नाव हुला बर्गर. दोघांची पैज लागली. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोन्ही पदार्थ विकायचे आणि जो जास्त खपेल तो मेनूवर ठेवायचा. ग्रोएन पुढे सांगत, की त्या दिवशी माशाची ३५० सँडविचं गेली. अननसाची किती गेली हे क्रॉक यांनी त्यांना कधीच सांगितलं नाही. मासा पुढे अमेरिकाभर पसरला आणि मालकाचा लाडका अननस अस्ताला गेला.

हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. धर्माने घातलेला निर्बंध मोठ्या कंपनीच्या मेनूवर मोजला गेला तो इथे. शुक्रवारी मांस न खाणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून लक्षात आला, कारण त्याच्या न येण्याने गल्ला रिकामा राहत होता. मांस अजिबात न खाणारा हिंदू किंवा जैन माणूस त्या वेळी अमेरिकेत मोजण्याइतका नव्हताच.

मी तिथे होतो त्या काळात मेनूवर आलेले आणि गेलेले पदार्थ आठवतात, ते बहुतेक सहकाऱ्यांच्या ताटातले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर 'मॅकडीएलटी' नावाचा एक बर्गर आला. त्याचा डबा पोलिस्टायरिनचा, दोन खणांचा. एका खणात गरम पाव आणि मांस, दुसऱ्यात गार टोमॅटो आणि पानं. गिऱ्हाइकाने दोन्ही भाग आपल्या हाताने एकावर एक ठेवायचे. लोकांना हा खेळ आवडला होता. पण तेवढ्यात न कुजणाऱ्या डब्यांविरुद्ध ओरड सुरू झाली. शाळकरी मुलांनी पत्रं लिहिली, पर्यावरणवाद्यांनी दबाव आणला आणि नोव्हेंबर १९९० मध्ये कंपनीने पोलिस्टायरिनचे डबे बंद करण्याची घोषणा केली. डबा गेल्यावर त्या बर्गरला अर्थच उरला नाही. एखादा पदार्थ त्याच्या भांड्यापायी गेल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.

पिझ्झाचं वेगळंच. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मॅकडोनाल्ड्‌सने पिझ्झा करून पाहिला. तो शेकडो दुकानांत मिळू लागला. पण मिनिटभरात बर्गर हातात पडायची सवय झालेल्या गिऱ्हाइकाला पिझ्झासाठी ताटकळावं लागे. मोटारीतून माल घेण्याच्या खिडकीतून पिझ्झाचं खोकं जाईना, म्हणून काही ठिकाणी खिडक्या रुंद कराव्या लागल्या. शेवटी पिझ्झा गेला. ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया राज्यांतल्या दोन दुकानांनी मात्र तो २०१७ पर्यंत चालू ठेवला होता, आणि तो खायला लोक लांबलांबून मोटारी हाकत येत.

१९९१ साली 'मॅकलीन डिलक्स' आला. त्यात चरबी कमी, आणि ती भरून काढायला समुद्री शेवाळातून काढलेला एक पदार्थ आणि पाणी. डॉक्टरांनी वाखाणला, गिऱ्हाइकांनी टाळला. १९९६ मध्ये तो गेला. त्याच वर्षी 'आर्च डिलक्स' आला, तो मोठ्या माणसांच्या चोखंदळ जिभेसाठी. त्याच्या जाहिरातींवर दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. तोही फार टिकला नाही. जाहिरातीत लहान मुलं तो पाहून नाक मुरडताना दाखवली होती. झालं असं, की मोठ्यांनीही मुलांचंच ऐकलं!

आणि तळलेला अ‍ॅपल पाय! तो मात्र मी भरपूर खाल्ला. आपल्या करंजीचा हा अमेरिकन मावसभाऊ. लांबट, बाहेरून फोड आलेला, आत सफरचंदाचं जीभ पोळवणारं सारण. १९६८ पासून तो अमेरिकाभर मिळत होता. १९९२ साली तो तळायचा बंद करून भट्टीत भाजायला सुरुवात झाली. नाव तेच राहिलं, पण करंजी ओव्हनमध्ये भाजली तर ती करंजी राहते का? माझ्या वयाचे अमेरिकन मित्र अजूनही या एका गोष्टीवर तासभर बोलू शकतात.

तळण गेलं ते कशामुळे? इथे आपण अण्णांच्या बटाट्यांपाशी परत येतो.

त्या काळी अमेरिकेतल्या बऱ्याच साखळी दुकानांत बटाटे प्राण्यांच्या चरबीत तळत. मॅकडोनाल्ड्‌सच्या मिश्रणात सुमारे ९३ टक्के गोवंशाची चरबी असे आणि बाकी वनस्पती तेल. या मिश्रणाला 'फॉर्म्युला ४७' म्हणत. पंधरा सेंटचा हॅम्बर्गर, बारा सेंटचे बटाटे आणि वीस सेंटचा मिल्कशेक मिळून सत्तेचाळीस सेंट होत, त्यावरून हे नाव. चरबीमुळे बटाट्याला जो खमंगपणा यायचा, तो कुठल्याही साध्या तेलात येत नसे. लोक ज्याला बटाट्याची चव समजत, ती निम्मीअधिक त्या चरबीची चव होती.

ती बंद पाडण्यात एका माणसाचा मोठा हात होता. ओमाहा शहरातले उद्योजक फिल सोकोलॉफ. १९६६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बरे झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी अमेरिकनांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करण्याचा ध्यास घेतला आणि स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर खर्चून मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. १९९० साली या जाहिरातींचा रोख थेट मॅकडोनाल्ड्‌सच्या चरबीवर होता. जुलै १९९० मध्ये कंपनीने जाहीर केलं, की यापुढे बटाटे वनस्पती तेलात तळले जातील. बर्गर किंग आणि वेंडीज या साखळ्यांनीही तोच मार्ग धरला.

ही बातमी मी सिनसिनाटीत, सकाळच्या कॉफीबरोबर वाचली. पुन्हा वाचली. इतकी वर्षं मी त्या देशात राहत होतो, आणि बटाटे कशात तळतात हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. अण्णांनी एकादशीला वेचून वेचून खाल्लेले ते तुकडे माझ्या डोळ्यांपुढे आले. ज्या दुकानात आम्ही थांबलो होतो, तिथे नेमकं काय वापरत हे मी तेव्हाही विचारलं नव्हतं आणि नंतरही शोधलं नाही. शोधायचं धैर्य झालं नाही, असं म्हणणं जास्त खरं. फलटणला फोन करायचा म्हणजे तेव्हा शेजारच्यांकडे करावा लागे. काय सांगणार होतो? मी गप्प राहिलो.

पुढची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. चरबी गेली, पण चव हवी होती. त्यामुळे कारखान्यात बटाटे अर्धवट तळून गोठवताना त्यात किंचित गोमांसाचा अर्क घालण्यात येई आणि घटकांच्या यादीत तो 'नैसर्गिक स्वाद' एवढ्याच शब्दांत असे. वनस्पती तेल म्हणजे शाकाहार, असं समजून कित्येक भारतीय निर्धास्तपणे ते बटाटे खात राहिले. २००१ साली ही गोष्ट चव्हाट्यावर आली. कॅलिफोर्नियातल्या 'इंडिया-वेस्ट' या भारतीयांच्या साप्ताहिकाने ती छापली आणि मे महिन्यात सिअ‍ॅटलचे वकील हरीश भारती यांनी दावा दाखल केला. इकडे ठाण्यात निदर्शकांनी मॅकडोनाल्ड्‌सच्या दुकानात तोडफोड केली. भारतातल्या बटाट्यांत असा अर्क नसतो, असा खुलासा कंपनीने केला. २००२ साली अमेरिकेत तडजोड झाली. कंपनीने माफी मागितली आणि शाकाहारी, हिंदू, शीख व इतर संस्थांसाठी एक कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. १९६२ साली जो माणूस मोजलाच गेला नव्हता, त्याला चाळीस वर्षांनी कोर्टातून आपली मोजदाद करून घ्यावी लागली.

आणि आरोग्याचं काय झालं? चरबीच्या जागी जे तेल आलं, ते टिकावं म्हणून हायड्रोजन घालून घट्ट केलेलं होतं. त्यात ट्रान्स फॅट असतं, आणि ते हृदयाला चरबीपेक्षाही वाईट, असं पुढे संशोधनातून दिसून आलं. मग ते तेलही काढावं लागलं. २००८ पर्यंत मॅकडोनाल्ड्‌सने अमेरिकेत ते पूर्ण बंद केलं, आणि २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाने अशी तेलं सुरक्षित मानता येणार नाहीत असा निर्णय दिला. सोकोलॉफ यांचा हेतू प्रामाणिक होता, पैसाही त्यांनी स्वतःचाच खर्चला. पण एक वाईट गोष्ट काढताना तिच्या जागी काय येतंय, हे त्या वेळी पुरेसं कुणाला ठाऊक नव्हतं.

मी १९९६ साली मुंबईला परत आलो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्‌सने आधी दिल्लीत आणि मग वांद्र्याला दुकान उघडलं. गोमांस आणि डुकराचं मांस नसलेला मेनू, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची वेगळी व्यवस्था. बिग मॅकच्या जागी मटणाचा 'महाराजा मॅक' होता. तो पुढे चिकनचा झाला. म्हणजे मूळचा मटणाचा महाराजाही आता आठवणीतच आहे.

पुढच्या वर्षी अण्णा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आले होते. त्यांनी आपण होऊन विचारलं, "तुझ्या अमेरिकेतले ते बटाटे इथं मिळायला लागलेत म्हणे?" मी त्यांना वांद्र्याला घेऊन गेलो. काउंटरवर मी तेलाची चौकशी इतकी खोदून खोदून केली, की मागच्या रांगेतली पोरं हसायला लागली. वनस्पती तेलाची खात्री करूनच पुडकं घेतलं. अण्णांनी एक कांडी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि म्हणाले, "चांगले आहेत. पण ती चव नाही रे." मी म्हटलं, "बटाटा वेगळा असेल." त्यांनी मान हलवली. उरलेले बटाटे आम्ही घरी आणले.

१९९९ साली अण्णा गेले. २००१ मध्ये तो सगळा गवगवा झाला, तेव्हा आईने वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "ह्यांनी खाल्ले होते ते हेच का?" मी म्हटलं, "हे की दुसरे, ते नक्की ठाऊक नाही. पण कशात तळलेत हे मी विचारलं नव्हतं." आणि अकरा वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते सगळं सांगून टाकलं. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना काही लागणार नाही. त्यांनी तू दिलंस म्हणून खाल्लं. वाढणाऱ्याने विचारायचं असतं." आणि वर्तमानपत्राची घडी घालून ती आत गेली.

बंद पडलेल्या पदार्थांच्या आठवणी काढताना माणसं हळवी होतात. अमेरिकेतले माझे मित्र त्या जुन्या बटाट्यांविषयी बोलतात, तेव्हा वडिलांबरोबरची मोटारीतली सहल, शाळा सुटल्यावरची भूक, पहिल्या पगाराचा आनंद, हे सगळं त्यात आलेलं असतं. त्यांची ती आठवण खोटी नाही. अण्णांचीही खोटी नव्हती. ते बटाटे त्यांना खरोखरच आवडले होते. पण फलकावर फक्त पदार्थाचं नाव असतं. तो कशात तळला, कुणाला चालतो आणि कुणाला चालत नाही, हे फलक सांगत नाही. ते विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि गेलेले पदार्थ कधी कधी परत येतात. १९८१ साली आलेला 'मॅकरिब' १९८५ मध्ये काढला गेला, आणि त्यानंतर कितीदा आला-गेला याची गणती नाही. २०२५ साली 'स्टेक अँड शेक' या अमेरिकन साखळीने आपले बटाटे पुन्हा गोवंशाच्या चरबीत तळायला सुरुवात केली, तीही जाहीरपणे, अभिमानाने सांगून. माझा पुतण्या तिकडे शिकायला निघाला, तेव्हा आईच्या वेळचा दशम्यांचा डबा त्याच्याबरोबर देणं काही जमलं नाही. विमानतळावर मी त्याला एवढंच सांगितलं, की बाबा रे, तू काय खायचं ते तू ठरव. पण दुसऱ्या कुणाला वाढशील तेव्हा आधी विचार.